पान सव्वीसवरच्या चार ओळी

ते वाक्य माझे आहे. ती छपाईत शिरलेली चूक नाही आणि कुणी ते माझ्या नावावर खपवलेलेही नाही. ‘जो जखमी होई, मागे पडे, त्याच्यासाठी कळप थांबत नसे, म्हणूनच तो कळप टिकला.’ बऱ्याच वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या एका प्रकाशकाच्या कचेरीत, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत मी ते रचले, आणि त्याला कसलाही आधार नाही हे रचतानाच मला ठाऊक होते. नव्या आवृत्तीतून मी ते काढून टाकले तेव्हा दोन शिक्षकांनी मला कळवले की पुस्तक उगाच मवाळ झाले आहे. त्यांना मी उत्तर पाठवले नाही. उत्तर लांब होते आणि त्यात मी स्वतः फारसा बरा दिसत नव्हतो. ते आता इथे लिहितो.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि मुलांसाठी विज्ञानाची पुस्तके लिहितो. माझा आवाज मुळातच हळू आहे. शेवटच्या बाकावरची मुले पहिल्याच आठवड्यात तशी तक्रार करतात. डायनासोरवरचे पुस्तक हे माझे सर्वांत जास्त खपलेले पुस्तक. त्याच्या सव्विसाव्या पानावर डायनोनिकसचा कळप आहे. डायनोनिकस हा कमरेइतक्या उंचीचा, शेपटीसकट दोन माणसांच्या लांबीचा मांसाहारी प्राणी. मागच्या प्रत्येक पायाला विळ्यासारखे एक उचललेले नख. चित्रात असे पाच जण एका थोराड शाकाहारी डायनासोरवर तुटून पडले आहेत. चित्रकाराने ते झकास काढले होते. अडचण एवढीच झाली की चित्राखाली जागा उरली.

संगणकावर मजकूर आणि चित्र बसवून छपाईसाठी पान तयार करणे, याला तिथे पान लावणे म्हणत. ते काम एक बाई करत. सगळे त्यांना ताई म्हणत. मीही म्हणतो, जरी त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान आहेत. खडकवासल्याच्या वाटेवरच्या, आता शहरात आलेल्या एका गावातून त्या रोज दोन बस बदलून येत. त्या कचेरीत पानाचा तळ पांढरा सोडायला मनाई होती. जुने मालक म्हणत, “पांढरा कागदच विकायचा तर वह्या काढू की आपण.” त्यामुळे मजकूर कमी पडला की लेखकाला बोलावून, ताईंच्या खुर्चीमागे उभे करून, ओळी वाढवून घ्यायची पद्धत होती. कित्येक लेखकांनी आपली सर्वांत बेजबाबदार वाक्ये त्या खुर्चीमागे उभे राहून सांगितली असतील. माझे तरी मी तिथेच सांगितले.

“सर, सव्वीसवर पांढरं राहतंय. चार ओळी द्या.”

“साधारण किती शब्द?”

“शब्द तुमचे तुम्ही बघा. मला ओळी चार पाहिजेत.”

मी चित्राकडे पाहिले आणि सांगत गेलो. कळपाचा नियम कठोर होता, अशी सुरुवात केली. मग ते वाक्य आले. ताईंनी ते टंकले आणि हात थांबवला.

“खरंच का हो सर? आपल्यातलंच एखादं पडलं तर बघतही नव्हती?”

“निसर्ग आहे, ताई,” मी म्हणालो.

“मग आमच्या गावची कुत्री बरी की.” एवढे बोलून त्यांनी पुढचे पान उघडले.

त्यांनी प्रश्न बरोबर जागी विचारला होता. मला एवढेच म्हणायचे होते की माहीत नाही, बघून सांगतो. ते म्हणालो नाही, कारण वाक्य मला आवडले होते. हळू बोलणाऱ्या माणसाला कठोर वाक्य लिहिताना अंगात बळ आल्यासारखे वाटते. ते मी त्या दिवशी अनुभवले आणि पुढे अनेक वर्षे त्याचा उपभोग घेतला. वाक्य शाळांच्या फळ्यांवर गेले. एका वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक असताना एका मुलीने मूठ आवळून ते म्हटले आणि टाळ्या मिळवल्या. मी तिला पहिला क्रमांक दिला. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचते ते हेच: त्या मुलीसमोर मी परीक्षक होतो.

जुने मालक घरी बसल्यावर त्यांचे चिरंजीव कारभार पाहू लागले. चाळिशीचे, चलाख, मनाने वाईट नव्हेत. गेल्या हिवाळ्यात ते खराडीतल्या एका कंपनीत छोट्या उद्योजकांसाठी भरलेल्या प्रशिक्षण शिबिराला गेले आणि परत आले ते मला फोन करतच.

“सर, काय झालं माहितीये? स्क्रीनवर तुमचं वाक्य! मराठीत! खाली लिहिलेलं, ‘विज्ञान सांगतं’. मी तिथल्या तिथे हात वर केला. म्हटलं, हे आमच्या पुस्तकातलं आहे. सगळे वळून बघायला लागले.”

“अरे वा,” मी म्हणालो. म्हणजे मला आनंद झाला होता. हेही लिहून ठेवतो.

त्याच सुमारास ताईंचा उजवा खांदा आखडला. तीस वर्षे माऊस धरलेला हात आधी वर जाईना, मग पुढेही येईना. डॉक्टरांचे म्हणणे, सुटेल. पण सहा महिने लागतील किंवा वर्षही. ताईंनी माऊस डावीकडे घेतला आणि डाव्या हाताने पाने लावायला सुरुवात केली. दिवसाला बारा पाने लावणारी बाई पाचांवर आली.

फेब्रुवारीत या नव्या मालकांनी मला नव्या आवृत्तीसाठी बोलावले. चहा मागवला, आणि कपाला हात लावण्याआधीच म्हणाले, “यंदा पानं बाहेरून लावून घेऊ. खराडीला एक ऑफिस आहे, आख्खं पुस्तक चार दिवसांत देतात. ताईंना मार्चअखेर थांबायला सांगतोय.”

“थांबायला म्हणजे?”

“म्हणजे थांबायलाच, सर. कायमचं.”

“खांदा बरा होणार आहे त्यांचा.”

“होईल हो. पण तोवर आम्ही काय करायचं, बसून राहायचं?” मग ते हसले. “आणि निदान तुम्ही तरी असं बोलू नका. पान सव्वीस!”

त्यांनी ते चेष्टेत म्हटले; पण निर्णय चेष्टेत नव्हता. माझ्या वाक्याने त्यांना तो निर्णय घ्यायला लावला, असे मी म्हणणार नाही. तो त्यांनी तसाही घेतला असता. वाक्याने एवढेच केले की तो घेताना त्यांना अवघडल्यासारखे झाले नाही. आणि मी काय केले? मी चहा प्यालो. उठून गेलो नाही, काही बोललो नाही. कप रिकामा होईपर्यंत बसून राहिलो.

बाहेर ताई आपल्या टेबलाशी होत्या.

“ऐकलंत?” मी विचारले.

“दार उघडंच हाय की.” त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. “धाकटीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चाललंय. घरात मिळवती मी एकटी. पन्नाशीची बाई, एक हात चालत नाही, दुसरीकडं कोण घेणार? एक वर्ष ढकललं असतं तरी भागलं असतं. पण वर्षभर थांबायला तुमच्या डायनासोरला कॅलेंडर कुठलं?”

“ताई, मी…”

“जाऊ द्या, सर. निसर्ग आहे.”

त्यांनी ते माझ्याच आवाजात म्हटले, तितक्याच हळू.

पुढचे दोन आठवडे मी ते काम केले जे पुस्तक लिहिण्याआधी करायचे होते. वाचले. आणि वाचताना माझी पंचाईत झाली, कारण मला हवे ते कुठेच लिहिलेले नव्हते. डायनोनिकसचे एकाहून अधिक सांगाडे एका मोठ्या शाकाहारी प्राण्याच्या हाडांजवळ सापडले, त्यावरून हे प्राणी कळपाने शिकार करत असावेत असे अनुमान निघाले, हे खरे. पण दुसऱ्या काहींचे म्हणणे असे की मेलेल्या जनावराभोवती ते एकेकटे जमले असतील, खाताना एकमेकांवर धावून गेले असतील आणि त्यातच काही मेले असतील. घोरपडीच्या जातीतले मोठे प्राणी आजही तसे करतात. पिल्लांच्या आणि मोठ्यांच्या दातांतल्या रासायनिक खुणा वेगळ्या निघाल्या. म्हणजे दोघे वेगळे अन्न खात होते, आणि मोठे आपल्या शिकारीतले पिल्लांना भरवत असतील ही शक्यता कमी झाली. दुसऱ्या काही थोराड मांसाहारींचे लहानमोठे सांगाडे एकाच जागी मिळाले. ते एक कुटुंब होते, की पुराने एका वळणावर आणून टाकलेली अनोळखी प्रेते? दगड तेवढे सांगत नाही. काही हाडांवर तर स्वतःच्याच जातीच्या दातांचे व्रण आहेत.

आणि मग जुळलेली हाडे. मांसाहारी डायनासोरांच्या सांगाड्यांत मोडून पुन्हा सांधलेल्या बरगड्या आहेत, पू होऊन सुजलेली आणि तरीही भरून आलेली पायाची हाडे आहेत. हाड एका दिवसात जुळत नाही. ते जुळेपर्यंत तो प्राणी जिवंत होता, म्हणजे काहीतरी खात होता. ते त्याला कुणी आणून दिले, की इतरांचे उरलेले त्याने ओढून नेले, की उपाशी पडून राहून निव्वळ चिवटपणाने तो उठला, हे कुणालाही सांगता आलेले नाही.

इथे मला दुसरा मोह झाला. ‘कळप आपल्या जखमींना सांभाळत असे.’ हे वाक्य चार ओळींत ऐसपैस बसले असते, मालकांच्या तोंडावर फेकता आले असते आणि मुलांनाही आवडले असते. एक रात्रभर ते माझ्या वहीत होते. सकाळी मी ते खोडले. हेही पहिल्यासारखेच रचलेले होते, फक्त या वेळी ते मला सोयीचे होते. ताईंची नोकरी वाचवण्यासाठी मला पुन्हा एकदा त्याच खुर्चीमागे उभे राहून खोटे सांगायचे नव्हते. शेवटी लिहिले ते असे: ‘हे प्राणी कळपाने राहत होते का, हे अजून नक्की कळलेले नाही. काही मांसाहारी डायनासोरांची मोडलेली हाडे पुन्हा जुळलेली सापडली आहेत. म्हणजे जखमेनंतरही ते जगले. एकट्याच्या बळावर, की इतरांच्या सोबतीने? आपल्याला माहीत नाही.’

ते घेऊन मी मालकांकडे गेलो. टेबलावर खराडीच्या ऑफिसातून आलेले नमुन्याचे पान होते, नेमके सव्विसावे. योगायोग नव्हे, मालकांनीच मुद्दाम ते मागवले होते. माझे जुने वाक्य लाल चौकटीत, मोठ्या अक्षरांत.

त्यांनी माझा कागद वाचला. “सर, मुलांच्या पुस्तकात ‘माहीत नाही’? आईबाप दुकानात जाऊन ‘माहीत नाही’ विकत घेतील?”

“इतकी वर्षं खोटं घेत होते.”

“खोटं? कुठलं खोटं?”

मी लाल चौकटीवर बोट ठेवले आणि सांगितले. चार ओळी, ताईंची खुर्ची, सगळे. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे मी तिथे सगळ्यांसमोर हात वर करून…”

“त्यात आपली चूक नाही. चूक माझी आहे.”

“चूक कुणाची का असेना, सर, हात माझा वर होता!”

मग ते व्यवहारावर आले. “ठीक आहे. काढू ते वाक्य. शुद्धिपत्रात टाकू, शेवटच्या पानावर, बारीक टायपात. कोण वाचतंय?”

“शुद्धिपत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतात. माझी त्या जातीची नाही. प्रस्तावनेत जाईल. लेखकाने हे वाक्य रचले होते, असं स्पष्ट लिहून.”

“तुमची लाज तुम्हीच काढणार?”

“हो. आणि पानं ताई लावतील.”

त्यांनी चष्मा काढला. “सर, हे दोन वेगळे विषय आहेत.”

“आहेतच वेगळे. त्या दिवशी आपण ते एकत्र केलेत आणि मी चहा पीत ते होऊ दिलं.”

“म्हणजे आता काय, डायनासोर एकमेकांना जपत होते म्हणून मी ताईंना ठेवायचं?”

“नाही. ते जपत होते की नाही हे मला माहीत नाही, म्हणून तर तसं लिहिलंय. उद्या कुणी पक्कं सिद्ध केलं की ते जखमींना टाकूनच जात होते, तर मी तेही छापीन. आणि ते पानसुद्धा ताईच लावतील. आपल्या कचेरीत कोणाला ठेवायचं, हे त्या जनावरांना विचारून ठरवायचं नाही. मी एकदा त्यांच्या तोंडी आपलं उत्तर घातलं होतं. आता घालणार नाही.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर पुस्तक निघणार नाही. हक्क माझ्याकडे आहेत.”

“शाळांची मागणी जूनची आहे. पुस्तक बंद पडेल, सर.”

“पडू दे.”

माझा आवाज चढला नाही. तो चढवणे मला कधी जमलेले नाही. पण शेजारच्या खोलीतला कळफलकाचा आवाज थांबला आणि ताई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“सर, माझ्यापायी पुस्तक बुडवू नका. उपकार नकोत मला.”

“उपकार नाहीत, ताई. माझं पुस्तक आहे, ते कसं निघावं हे मी सांगतोय.”

“मग माझं मी बोलते.” त्या मालकांकडे वळल्या.

“ताई, तुम्ही दाराआडून ऐकता?” मालक म्हणाले.

“तुम्ही हाफ चड्डीत यायचात तेव्हापासून हे दार लागत नाही. बिजागरी तुमच्या वडलांनी बघितली नाही, तुम्हीबी बघितली नाही.” त्यांनी डाव्या हाताने नमुन्याचे पान उचलले. “हे वाचलंत का? ‘वर्षे’चं ‘वषे’ झालंय, तीन ठिकाणी. ‘सूर्य’चा ‘सूय’. रफार सगळे उडालेत. हे लाल चौकटीत मोठं करून दिलं, पण वाचलं कुणी नाही. मी पाचच पानं लावते. पण वाचून लावते. खांदा सुटला की बाराला परत येईन. तोवर पाचाचा पगार द्या, मी काही म्हणणार नाही. पण घरी जा म्हणू नका. तसं मी ऐकणार नाही.”

पाचाच्या पगाराची गोष्ट मला पटली नाही आणि मी तसे बोलायला तोंड उघडले, तर ताईंनी हातानेच मला गप्प केले. त्यांचे म्हणणे त्यांचे होते. मी माझी अट पुन्हा सांगून निघालो, त्या त्यांच्या टेबलावर गेल्या. मालक पानावरचे ‘वषे’ शोधत बसले होते.

आठवडाभर फोन आला नाही. त्या आठवड्यात मी बऱ्याच वेळा डळमळलो, हे कबूल करतो. आपण एका कुटुंबाच्या धंद्याला वेठीस धरतो आहोत का, पश्चात्तापाचाच डौल मिरवतो आहोत का, असे विचार आले. प्रत्येक वेळी मी स्वतःला एकच विचारले: मी मागे हटलो तर एप्रिलमध्ये ताई कुठे असतील? उत्तर दर वेळी तेच येई, आणि मी फोन करत नसे.

आठव्या दिवशी त्यांचाच आला.

“प्रस्तावना पाठवा. लांबण लावू नका.”

“आणि ताई?”

“आहेत. पगार आहे तोच. खांदा सुटेपर्यंत.”

“सुटल्यावर तर प्रश्नच नाही. बारा पानं लावतील.”

“सर, तुम्ही हल्ली फार बोलता.”

“उशिरा सुरू केलंय,” मी म्हणालो.

पुस्तकाला पाच आठवडे लागले. रोज कॉलेज सुटल्यावर मी जाऊन शेजारी बसे आणि लावलेले पान मोठ्याने वाचे. ताई डोळे मिटून ऐकत, अडखळल्यासारखे वाटले तिथे बोट उचलत. सव्विसाव्या पानावर नवा मजकूर चारात मावेना. एक ओळ जास्त होत होती.

“शब्द काढा एखादा,” त्या म्हणाल्या.

“एकही निघणार नाही.”

“मग डायनासोर बारीक करू?”

“करा.”

त्यांनी पाचही जणांना थोडे बारीक केले. डाव्या कडेच्या एकाची शेपटी चौकटीबाहेर गेली. चित्रकाराने नंतर त्याबद्दल मला सुनावले, आणि तेही मी ऐकून घेतले. सुरुवातीला सांगितलेल्या त्या दोन शिक्षकांचा आक्षेप मात्र मला मान्य नाही. पुस्तक मवाळ झालेले नाही. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून छापायला जुने वाक्य लिहिण्यापेक्षा जास्त नेट लागला, आणि तो माझ्यात आपोआप आला नव्हता. मुले या पानावर अडखळून प्रश्न विचारत असतील तर त्यांना विचारू द्यावेत. उत्तर देता आले नाही तर तसे सांगावे. मी वर्गात आता तसे सांगतो. शेवटच्या बाकावर ऐकू जात नसेल तर पुन्हा सांगतो.

मे महिन्यात शेवटची पाने छपाईला जायची होती, त्या दुपारी मी प्रस्तावनेचे प्रूफ तपासत ताईंच्या बाजूला बसलो होतो. मालक आतून आले. हातात दुसऱ्याच कुणा लेखकाचे जाडजूड बाड होते. ते त्यांनी ताईंच्या डाव्या हाताशी ठेवले.

“दोनशे पानं आहेत. घाई नाही, पण फार वेळ लावू नका.”

“घाई नाही म्हणता आणि वेळ लावू नका म्हणता. एक काय ते ठरवा की.”

“दिवाळीपर्यंत.”

“मग दिवाळी म्हणा ना सरळ.” ताईंनी बाड जवळ ओढले आणि पहिले पान उलटले.

मालक क्षणभर तिथेच उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी काहीतरी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. आभाराचे दोन शब्द माझ्या जिभेवर आलेही होते, जन्मभराची सवय आहे. मी ते उच्चारले नाहीत. प्रूफावरचा एक स्वल्पविराम राहिला होता, तो घातला.